लांडगा कुठल्या जातीचा?

'टर्नटिंबर रेंजर' हा हिरव्या रंगाचा पत्ता. किंमत पाच माना, ताकद २/२. एवढ्यावर कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

ज्यांनी 'मॅजिक: द गॅदरिंग' पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. हजारो पत्त्यांतून निवडून आपला ६० पत्त्यांचा डेक आपणच बांधायचा. जमिनीचे साधे पत्ते सोडले तर एक पत्ता जास्तीत जास्त चारदा. प्राण्याच्या पत्त्यावर त्याचा प्रकार छापलेला असतो: एल्फ, लांडगा, गॉब्लिन. इंग्रजीत 'क्रीचर टाइप'. घरी समजावताना माझ्या तोंडी आपसूक 'जात' आलं.

रेंजर म्हणतो: मी किंवा तुमचा दुसरा कुठलाही 'अ‍ॅलाय' मैदानात उतरला, की तुम्ही एक २/२ लांडगा तयार करू शकता. लांडगा अ‍ॅलाय नाही, म्हणून गोष्ट तिथेच संपते. आता आधीच 'आर्केन अ‍ॅडॅप्टेशन' मांडून ठेवा आणि 'अ‍ॅलाय' असं जाहीर करा. तुमचा प्रत्येक प्राणी मूळची जात राखून अ‍ॅलायही होतो. रेंजर उतरतो, लांडगा येतो, तो अ‍ॅलाय म्हणून दुसरा येतो, त्याच्यामुळे तिसरा. आमच्या धंद्यात याला बेस कंडिशन विसरलेलं रिकर्शन म्हणतात. इथे मात्र सर्व्हर झोपत नाही, कारण पत्त्यावर 'करू शकता' असं आहे; थांबायचा आकडा आपण सांगायचा. मी दहा लाख सांगतो. नवे प्राणी एक फेरी हल्ला करू शकत नाहीत, तेवढीच समोरच्याला संधी.

सुरुवातीच्या सात पत्त्यांत चारपैकी एक तरी रेंजर येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. जात बदलणारे पत्ते सात ठेवले तर त्यातला एक तरी येण्याची ६० टक्के. म्हणून तीन अ‍ॅडॅप्टेशनच्या जोडीला मी चार 'मास्कवुड नेक्सस' घातले. हा २०२१चा पत्ता आणखी उदार: तुमचे सगळे प्राणी सगळ्या जातींचे.

गंगापूर रोडला मित्राच्या फ्लॅटवर आम्ही खेळतो, पण जुळवाजुळव घरी, जेवणाच्या टेबलावर. आई समोर मेथी निवडत होती.

"तुमच्यात जात नुसती सांगितली की बदलते?"

"हो."

"आणि पुरावा?"

"पत्त्यावर लिहिलंय तोच."

"मग बरंय," म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

तिचा प्रश्न गमतीचा नव्हता. मी बारावी झालो त्या वर्षी याच टेबलावर जात पडताळणीची फाइल होती. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यावर शाई पसरलेली, तीन अक्षरांतलं एकच वाचता येत होतं. मग चुलत आजोबांचा दाखला, वंशावळ, प्रतिज्ञापत्र. पप्पांनी चार रजा घालवल्या. प्रमाणपत्र मुदतीच्या दोन दिवस आधी हातात आलं. पप्पांनी त्याच संध्याकाळी त्याच्या दहा झेरॉक्स काढल्या. आठ अजून कपाटात आहेत.

खेळाचे नियम याबाबत फार काटेकोर आहेत. परिणाम सात थरांत लागू होतात. जात चौथ्या थरात ठरते, गुण सहाव्यात. 'चेंजलिंग' नावाचे प्राणी या गुणामुळेच सर्व जातींचे असतात. पण एखाद्या पत्त्याने त्यांचे सगळे गुण काढून घेतले, तरी जाती तशाच राहतात, कारण तो हिशोब आधीच झालेला असतो. हा नियम मित्रांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. आईला एका वाक्यात समजला.

(जातींवर बांधलेल्या डेकला पूर्वी सर्रास 'ट्रायबल' म्हणत. कंपनीने २०२३मध्ये तो शब्द काढून 'किंड्रेड' आणला. आदिवासी विकास आयुक्तालय ज्या शहरात आहे तिथे राहून मला तो शब्द खेळात कधी नीट उच्चारता आलाच नव्हता.)

गेल्या शनिवारी नेक्सस मांडून मी दहा लाख लांडगे उभे केले. समोरच्याने 'एक्सटिंक्शन' काढलं: कुठलीही एक जात सांगा, त्या जातीचे सगळे प्राणी नष्ट. अ‍ॅडॅप्टेशन असतं तर त्याला नेमकं 'लांडगा' किंवा 'अ‍ॅलाय' म्हणावं लागलं असतं. सगळ्या जातींच्या प्राण्यांना कुठलंही नाव पुरतं.

"मासे," तो म्हणाला, आणि दहा लाख लांडगे गेले.

आता डेकमध्ये अ‍ॅडॅप्टेशन चार आणि नेक्सस तीन आहेत.