गमभनचा आठवडा

पहिलीच्या लेकरांना मी ‘अ’पासून लिहायला शिकवत नाही. आधी ग, म, भ, न. जुने मास्तरही हेच करायचे, कारण चौघांचा काना एकच आणि हाताला वळण लागायला तेवढं पुरतं. या चार अक्षरांना मी पुरता आठवडा देतो. परिपाठ, पोषण आहार, हजेरी वजा जाता वर्गात उरणारा वेळ पाहिला, तर आठवडा जास्त नाही.

सोमवारी पाटी दप्तरातच राहते. अंगणातल्या मातीत बोटानं उभ्या रेघा, मग गोल. पाटी हातात आली की मी अक्षराकडे बघत नाही, बोटांकडे बघतो. पेन्सिल आवळून धरल्यानं बोटांची टोकं पांढरी पडली असतील, तर त्या लेकराला पुन्हा मातीत पाठवायचं. हात खांद्यापासून सैल झाल्याशिवाय गोल येतच नाही.

आमचं गाव जांब, हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली रामनवमीला ठोसरांच्या घरी नारायणाचा जन्म झाला. लांबून लोक दर्शनाला येतात. मला मात्र समर्थ सगळ्यात जवळचे वाटतात ते दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात. त्यातला पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर वाटोळं, सरळ, सुटं असावं, खालच्या ओळीला वरची ओळ लागू नये, पान आधी आखून घ्यावं, चहूबाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जात नाही. अध्यात्म सांगणारा माणूस पानाच्या समासाएवढ्या साध्या गोष्टीकडे इतक्या बारकाईनं बघतो, याचं मला फार मोल वाटतं. आमची दुरेघी वही म्हणजे त्या आखलेल्या पानाचीच नात.

मंगळवारी-बुधवारी म आणि भ यांची गल्लत ठरलेली. एक पोरगी ‘भ’च्या जागी सारखा ‘म’ काढत होती. मी काही बोलायच्या आत शेजारची म्हणाली, “अगं, त्याचं डोकं उघडं ठेव ना.” ‘म’ची शिरोरेघ अखंड, ‘भ’ची डावीकडे तुटकी, माझ्या फळ्यावरच्या समजावण्यापेक्षा हे नेमकं होतं. पुढे घ आणि ध येतील तेव्हाही हेच कामाला येणार, म्हणून मी तिला ते सगळ्या वर्गाला सांगायला लावलं.

खरी मजा शुक्रवारी. चारच अक्षरं, पण मन, नभ, गगन, नमन असे कितीतरी शब्द होतात. मी फळ्यावर शिरोरेघ न देता म ग न म न अशी पाच अक्षरं लिहितो आणि रेघ लेकरांना ओढायला लावतो. एकानं पहिल्या दोन अक्षरांवर एक आणि उरलेल्या तिघांवर दुसरी रेघ ओढली : मग नमन. दुसरा उठला, “सर, माह्या रेघा येगळ्या,” म्हणाला आणि त्यानं तीन-दोन अशी फोड केली : मगन मन. वर्ग क्षणभर नुसता बघत राहिला. अक्षरं तीच, रेघ कुठं तुटते त्यावर अर्थ. जुन्या पोथ्यांत शिरोरेघ ओळभर सलग जायची, शब्द वाचणाऱ्यानं तोडायचे. ते जाणत्यांचं वाचन. सहा वर्षांच्या लेकराला शब्द कुठं संपतो हे हाताला कळलं, की वाचनाचा अर्धा रस्ता सरतो. म्हणून लेखन आणि वाचन वेगळ्या तासांना शिकवणं मला पटत नाही.

शनिवारी सकाळची शाळा, थोडं श्रुतलेखन. खुरपणीच्या दिवसांत आई रानात जाते, धाकटं भावंड सांभाळायला थोरलं घरी थांबतं. असा एक जण शनिवारीच उगवला. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक लेकराला वाचता-लिहिता यावं, हे निपुण भारतचं उद्दिष्ट मला मनापासून मान्य आहे; दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला निघतात, तोवर अक्षरओळख पक्की व्हावी, ही घाई मलाही असते. पण आठवडा लेकराचा मोजायचा, कॅलेंडरचा नाही. सोमवारी बाकीच्यांना व, ब, क. त्याच्याबरोबर मी मातीत उभ्या रेघा ओढणार, आणि डोकं उघडं ठेवायला सांगणारी ती पोरगी त्याच्या शेजारी बसणार.