सुपारीच्या सावलीतले ताट

बोर्ली पंचतनला आगगाडी जात नाही. कोकण रेल्वेने माणगावला उतरावे, एस.टी. धरावी आणि म्हसळ्याच्या रस्त्याने डोंगर चढत-उतरत समुद्राच्या दिशेने निघावे. दुसरी वाट हौशी मंडळींची. मुरूडच्या बाजूने आगरदांड्याला यावे, मोटारीसकट फेरीबोटीत चढावे आणि लांबवर दिसणारा जंजिरा पाहत खाडी ओलांडून दिघीला उतरावे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख त्या जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानातच होता.

बोर्ली हे श्रीवर्धन तालुक्यातले बाजाराचे गाव. दिवेआगरच्या किनाऱ्याकडे निघालेला मुंबईकर किंवा पुणेकर इथे फार तर पाण्याची बाटली घेण्यापुरता थांबतो. त्याला समुद्राची ओढ असते, आणि खरे सांगायचे तर समुद्राइतकीच जेवणाचीही असते. केळीच्या पानावर उकडीचा मोदक, वालाचे बिरडे, गरम भात आणि वर सोलकढी! असे जेवण झाल्यावर गृहस्थ तृप्तीची ढेकर देतात आणि गृहिणी वाढणाऱ्या काकूंना हळूच विचारते, “हे सगळं सेंद्रिय असतं ना हो?”

काकूंचे उत्तर ऐकण्यासारखे असते. “नारळ आमचा, पान आमचं, वाल भावाच्या शेतातले. कांदे-बटाटे मात्र बाजारातले हो!”

एवढा प्रामाणिक दाखला शहरातल्या दुकानात मिळणे कठीण. सातासमुद्रापलीकडे या गोष्टीची केवढी चळवळ झाली आहे! कॅलिफोर्नियात ॲलिस वॉटर्सबाईंनी १९७१ साली एक उपाहारगृह काढले आणि जवळच्या शेतावरचे ताजे जिन्नस पानात वाढण्याचा परिपाठ पाडला. इटलीत कार्लो पेत्रिनी यांनी १९८०च्या दशकात घाईच्या खाण्याविरुद्ध ‘स्लो फूड’चा झेंडा उभारला. आता आपल्या शहरांतही ‘शेतातून थेट ताटात’ अशा पाट्या दिसतात. बोर्लीच्या काकूंना ही पाटी ठाऊक नाही. त्यांच्या स्वयंपाकघराचे मागले दार उघडले की वाडीच सुरू होते.

ही वाडी एकदा आत शिरून पाहावी. बाहेर ऊन रणरणत असले तरी आत गारवा. सर्वांत वर नारळाच्या झावळ्या, त्यांच्याखाली सरळसोट पोफळी, पोफळीच्या अंगाने चढलेला मिरीचा वेल, त्याखाली जायफळ आणि केळी, अगदी जमिनीलगत अळू नि हळद. मजल्यामजल्याचे घरच म्हणा ना! प्रत्येकाला आपापल्या वाट्याचे ऊन आणि आपापल्या खोलीवरची माती. पडलेली झावळी, केळीचा खुंट, गोठ्यातले शेण सारे झाडाच्या आळ्यात जाते. दहा गुंठ्यांत एवढा संसार मांडणाऱ्या माणसाला शेतीशास्त्र कुणी निराळे शिकवायला नको.

पण या संसाराचा कर्ता कोण? वाडीवाल्याला विचारा. तो काळी मिरी दाखवणार नाही, जायफळही नाही. तो बोट दाखवील पोफळीकडे. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, आणि घरातली लग्ने, शिक्षणे, आजारपणे तिच्याच पैशावर निभावलेली. मिरी, केळी, अळू ही तिच्या सावलीतली पोरेबाळे. आपण ज्याला निर्मळ जेवण म्हणून नावाजतो, ते या सुपारीच्या आश्रयाने वाढलेले असते.

आणि इथेच मन अडखळते. पूजेतली सुपारी मंगल खरी, पण चघळलेली सुपारी तशी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्टच सांगितले, की तंबाखूची जोड नसली तरी सुपारी स्वतःच माणसाला कर्करोग करणारी आहे. म्हणजे आपल्या आरोग्यदायी ताटाचा खर्च निघतो तो कुणाच्या तरी तोंडात घोळणाऱ्या सुपारीतून! यात वाडीवाल्याला दोष कसा द्यावा? आजोबांनी लावलेले झाड नातू राखतो. आपण तरी त्याच्याकडून जायफळे किती घेतली?

हा प्रश्न एरवी कदाचित कुणी विचारला नसता. वादळाने तो विचारायला लावला. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. काही तासांत श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांतल्या नारळी-पोफळी मोडून आडव्या झाल्या. वरचे छप्पर गेले आणि सावलीत वाढलेली जायफळे उन्हात उघडी पडली. ज्या पोफळीवर मिरी चढली होती तीच कोसळल्यावर मिरी कुठे राहणार? शासनाने बागायतीला हेक्टरी ५०,००० रुपयांची मदत जाहीर केली. पण इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजायच्या. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने येतात जेमतेम ५,००० रुपये! पुढे झाडांच्या संख्येवर मदत देण्याचाही निर्णय झाला. तरी पैसा आला म्हणून झाड लगेच उभे राहत नाही. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे, नारळाच्या उंच जातीलाही तितकीच, किंबहुना थोडी अधिक.

रिकाम्या जागेत काय लावायचे? पुन्हा सुपारी? की जमीन विकून टाकायची? तिथे मग वाडीऐवजी पाहुण्यांच्या खोल्या उभ्या राहतील. तिसरा मार्गही आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ दाखवून दिली आहे. नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी आणि केळी, अननस यांसारखी पिके. सुपारीवाचूनही मजले रचता येतात! अडचण रोपांची नाही, गिऱ्हाइकाची आहे. सुपारीला व्यापारी दारात येतो. किलोभर जायफळ आणि पाच किलो वाल घ्यायला कोण येणार?

त्या वालाचे तर खास कौतुक करायला हवे. भात कापल्यावर शेतात जी ओल उरते तिच्यावरच तो वाढतो. त्याला पाटाचे पाणी नको, आणि मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र तो मातीला परत देतो. हिवाळ्यात याच्याच कोवळ्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात कोंबून पोपटी लावतात. ज्याने ती खाल्ली नाही त्याने रायगड जिल्हा अर्धाच पाहिला!

तेव्हा वाचकहो, सुटीत या बाजूला आलात तर बोर्लीच्या बाजारात तासभर थांबा. ‘सेंद्रिय आहे का’ याबरोबरच ‘कुठल्या वाडीतले’ हेही विचारा. काकूंचा पत्ता घ्या आणि वर्षाचा वाल, मिरी, जायफळ, खोबरेल त्यांच्याकडून मागवा. भाव शहरातल्या किराण्यापेक्षा चार पैसे जास्त पडेल. तो देताना घासाघीस करू नका. शुद्ध अन्न पिकवणाऱ्याचे पोट त्या अन्नावर भरले, तरच तो पुढच्या पावसाळ्यात पोफळीच्या जागी जायफळ लावायला धजेल.