सासूबाईंची मुंबई

दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना मुंबई दाखवायला नेणार, असं मी म्हटलं आणि आमच्या जाफराबादेतल्या निम्म्या आळीनं कपाळाला हात लावला. “राजूरच्या गणपतीला न्यायचं तर चार माणसं लागतात, आणि तू मुंबईला निघालीस!” शेजारच्या काकू म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, मनातून मीही धास्तावले होते.

तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि सासूबाई चाकाच्या खुर्चीत बसल्या. त्याआधी पूर्णा-केळनेच्या संगमावर चक्कर मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आता बाहेर पडायचं ते फक्त दवाखान्यासाठी.

जालन्यापर्यंत एसटी. 2022 पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना ती फुकट आहे आणि 2023 पासून आम्हां बायकांना अर्धं तिकीट. पण पायऱ्या त्याच उंच! ह्यांनी आईंना पाठुंगळी घेतलं, खुर्ची मिटून वर चढवली. पुढे रेल्वेनं थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. हे शेवटचं स्थानक असल्यामुळे फलाट संपला की सपाटीवरून सरळ बाहेर पडता येतं, पूल ओलांडावा लागत नाही. 1888 साली पुरी झालेली ती इमारत सासूबाईंनी मान वर करून पोटभर पाहिली.

लॉजवाल्याला आधीच फोनवर विचारलं होतं, “लिफ्ट आहे का?” “आहे,” म्हणाले. होतीही, पण लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या! त्यांनी एक फळी आणून टाकली, ती तर घसरगुंडीच झाली. एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार हवा, हा साधा हिशेब. शेवटी पुन्हा ह्यांची पाठ. तेव्हा मैत्रिणींनो, लिफ्टचं विचारू नका. रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती आणि न्हाणीघराचं दार किती इंच, हे विचारा. आमची खुर्ची चाकांसकट 25 इंच भरते.

भुयारी मेट्रोनं मात्र सुख दिलं. ऑक्टोबर 2025 पासून ती आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. लिफ्टनं खाली उतरलो. फलाट आणि डबा एका पातळीत, त्यामुळे खुर्ची अलगद आत गेली. सिद्धिविनायकाला जाऊन आलो. “जमिनीच्या पोटातून जातोय होय आपण?” सासूबाईंनी दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशीच्या यादीत घारापुरीची लेणी होती. गेटवेवरून बोटीनं तासभर, पुढे शंभराहून जास्त पायऱ्या. तिथे डोलीवाले असतात म्हणे, पण हलत्या बोटीत खुर्ची उतरवायची कशी? मुलांचा हिरमोड नको म्हणून त्यांना घेऊन हे गेले. मी सासूबाईंजवळ थांबले.

ऊन चढलं होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. “नको.” थोड्या वेळानं पुन्हा, “नको.” ओठ तर सुकलेले. मग माझ्या लक्षात आलं, सकाळचा चहासुद्धा त्यांनी तसाच ठेवला होता.

“पाणी प्यायलं की जावं लागतं,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्ही मुंबई बघायला आलात. माझ्यासाठी मोऱ्या शोधत हिंडायला नाही.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकिटं, लॉज, डब्यातल्या दशम्या, सगळ्याचा विचार मी केला होता. हा एक राहिला होता.

तिथून जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. 1922 पासून लोकांसाठी खुलं झालेलं. तिथे मी आधी स्वच्छतागृह विचारलं, तिकीट मागाहून काढलं. बाहेर आल्यावर सासूबाईंनी अर्धी बाटली एका दमात संपवली. मग जुनी वस्त्रं पाहताना त्यांची जीभ सुटली. लग्नातल्या शालूचे काठ कसे होते, ते मला प्रथमच कळलं.

“आता तुम्हांला काय बघायचंय?” मी विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी त्यांना विचारलाच नव्हता.

“समुद्राला पाय लावायचाय.”

संध्याकाळी सगळे मिळून गिरगाव चौपाटीला गेलो. वाळूत चाकं रुतली. खुर्ची उलटी फिरवून मागे ओढली, तेव्हा कुठे सरकली. फुगेवाल्या दोन पोरांनी न सांगता हात लावला. तरी पाणी वीस पावलं लांबच राहिलं. आमची धाकटी पळत गेली, बाटली भरून आणली आणि आजीच्या पावलांवर ओतली. सासूबाईंनी ओलं बोट जिभेला लावलं. “खरंच की गं खारट!”

तुम्ही निघाल तेव्हा एवढं करा. दर दोन तासांनी थांबायची जागा आधी ठरवा आणि स्वतः प्या, म्हणजे त्याही पितील. पायरीवर चढवताना खुर्ची मागे कलवून पुढची छोटी चाकं आधी वर घ्या. उतारावर खुर्ची उलटी धरून उतरवा, म्हणजे माणूस पुढे घसरत नाही.

परतल्यावर तिसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, “मुंबईला नेलंस, मग संगमावर का नाही?” चाकं जातात तिथपर्यंत गेलो. पाण्याची बाटली त्यांच्या मांडीवर होती.