माजघर

3 मे 2025
ओटीच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा आज उतरवला. काकांनी मजबुतीसाठी चढवला होता. आतला चुना अजून ओला, बोट लावलं की भुगा. दगड-चुन्याची भिंत पावसात ओल घेते आणि उन्हाळ्यात टाकते. सिमेंटने ती वाटच बुजवली. इथे, लोणावळ्याच्या कुशीत, वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. गवंडीमामा म्हणाले, "ताई, भिजलेल्या माणसाला वरून रेनकोट घातलाय हा."

9 मे
कळीचा चुना टाकीत विरवला. पाणी पडताच रटरटून उकळला. पोरांना लांब पिटाळलं. आता मुरू द्यायचा. मग वाळू, विटांची सुरखी, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. प्लंबर विचारतो, तयार पुट्टी का नाही? त्याला ओटीवर नेऊन भिंत दाखवली.

21 मे
कौलं उतरवलेली, वासे उघडे, आणि पाऊस. ताडपत्री अपुरी पडली. माळ्यावरचं पाणी घमेल्यांनी उपसलं.

27 मे
मान्सून काल मुंबईत आणि पुण्यातही पोचला. एरवी 10 जूनच्या आसपास येतो. मावळात मृगाच्या आधी घर शाकारायची रीत. यंदा रोहिणीनेच गाठलं. उघडिपीच्या दोन तासांत सुतार रिपा ठोकून घेतो. जुनी कौलं नव्या कौलांत नीट बसत नाहीत. म्हणून जुनी सगळी दर्शनी बाजूला, नवी मागे. हौसेने नव्हे, गळती नको म्हणून.

8 जून
घर पाहुण्यांना राहायला खुलं करायचं, म्हणून नियम पाहिले. केंद्राच्या पर्यटन खात्याच्या लेखी हेरिटेज हॉटेल म्हणजे 1950 पूर्वीची वास्तू, किमान 5 खोल्या, 10 खाटा. आमच्या चौकटीवर शके 1853 कोरलंय, म्हणजे 1931. वयात घर बसतं, खोल्यांत नाही, चारच आहेत. धाकटा म्हणतो, माजघरात प्लायवूडचं पार्टिशन टाकू, पाचवी होईल. माजघरात उजेड येतो तो परसदारातून, एकाच दाराने. मध्ये फळी घातली तर अर्धं माजघर दिवसाही दिव्यावर. मी नाही म्हणाले. सासवडजवळच्या जाधवगडाचं विठ्ठल कामतांनी हॉटेल केलं, तो पिलाजी जाधवरावांचा 1710 चा गड. तिथे जागेला काय तोटा! चार खोल्यांच्या घरात फळी लपत नाही. त्यापेक्षा राज्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करू.

19 जून
खरा पेच संडास-न्हाणीघराचा. मुंबईचा पाहुणा रात्री धो-धो पावसात परसात जाणार नाही, आणि का जावं त्याने? खोल्यांत मात्र पाइप नेणार नाही. चुन्याच्या भिंतीत पुन्हा ओल मुरवायची नाहीये. गोठ्याच्या जागेवर चार न्हाण्या, तिथवर मागची पडवी वाढवून पत्र्याऐवजी कौलं. खर्च वाढला.

मित्र म्हणतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा खोपोली-कुसगाव मिसिंग लिंक झाला की गर्दी येईल, आत्तापासूनच भाडं चढं ठेव. 13.3 किलोमीटरचा तो रस्ता होईल तेव्हा होईल. उद्या न्हाणीचा उतार गटाराकडे काढायचा की आंब्याकडे, यावरून प्लंबरशी भांडायचंय.