जाळीच्या ब्रेक पाइपाविषयी

माढा तालुक्यात गळिताचा हंगाम उभा राहिला, म्हणजे उजनीच्या पाण्यावर पोसलेला ऊस दोन-दोन ट्रॉल्यांतून रस्त्यावर येतो, आणि रात्री मागचा दिवा नसलेली अशी ट्रॉली टेंभुर्णीकडे भरधाव निघालेल्या मोटारस्वारापुढे एकाएकी उभी ठाकली, की ब्रेकचे माहात्म्य त्यास निराळे सांगावे लागत नाही. पुढे तो आमच्या गॅरेजात येतो आणि रबरी होज पाइप काढून स्टीलच्या जाळीचे पाइप बसवावेत, अशी फर्माईश करतो.

मागणी निराधार नव्हे. मास्टर सिलिंडरपासून चाकाच्या जवळपर्यंत ब्रेक ऑईल धातूच्या नळीतून जाते; परंतु चाक वळते, खालीवर होते, सबब शेवटचा तुकडा लवचिक ठेवणे प्राप्तच असते. जोराने ब्रेक दाबला असता त्या तुकड्यात सत्तर-ऐंशी बार, म्हणजे टायरमधील हवेच्या तीस पटींहून अधिक दाब निर्माण होतो, रबर किंचित फुगते, आणि पायाच्या श्रमाचा काही अंश त्या फुगवट्यातच खर्ची पडतो. जाळीच्या पाइपात आतली नळी टेफ्लॉनची असते, म्हणजे रॉय प्लंकेट यांना १९३८ साली अनपेक्षितपणे गवसलेल्या पदार्थाची, आणि तिच्याभोवती बारीक पोलादी तारांचे विणकाम असल्यामुळे ती जवळजवळ फुगत नाही. पेडल टणक लागते.

तथापि गाडी किती अंतरात थांबेल, याचा अखेरचा निवाडा टायर आणि रस्ता हेच करतात. आणि गिऱ्हाईक नव्या पाइपास जे श्रेय देते, त्यातील बराच वाटा त्याच वेळी भरलेल्या नव्या ऑईलचा असतो. हे ऑईल हवेतील आर्द्रता शोषते. डॉट ४ जातीचे कोरे ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, तर ओलावा धरलेल्या ऑईलास ही मर्यादा १५५ अंशांवर येते. आमच्या सपाट मुलखात हा भेद लपून राहतो; वरंधा घाट उतरताना मात्र ऑईलात बुडबुडे होऊन पेडल तळाला जाते, आणि तेथे पोलादाची जाळी काडीमात्र उपयोगी पडत नाही.

एका प्रकारास मात्र माझा सक्त विरोध आहे. जेसीबीचे होज बनवणाऱ्या दुकानातून, वरकरणी तसाच तारेचा दिसणारा पाइप स्वस्तात दाबून घेण्याचा सल्ला काही हुशार मंडळी देतात. परंतु त्याच्या आतले रबर बहुधा खनिज तेलासाठी घडवलेले असते, ग्लायकोलच्या ब्रेक ऑईलात ते फुगून मऊ पडते, आणि पाइप दगा देतो तो नेमका दाबाच्या क्षणी.

रबरी पाइप म्हातारा झाला, की त्याला भेगा पडतात व त्या डोळ्यांस दिसतात. जाळीत शिरलेली शेताची रेती आतल्या टेफ्लॉनला कुरतडत असली, तरी बाहेरून चकाकी कायम राहते, म्हणून वरून प्लास्टिकचे आवरण असलेलाच पाइप घ्यावा. बसवताना बँजो बोल्टाचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत, पाइपास पीळ पडू देऊ नये, एअर पूर्ण काढावी, आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाइप कोठे घासत तर नाही, याची खातरजमा करावी. उघडी जाळी कानशीसारखी चालते आणि शेजारची वायर बिनबोभाट कापून टाकते.