आज प्लेटलेट्स किती?

ओझरला पावसाळा सरताना कुणाला डेंग्यू झाला की शेजारीपाजारी एकच विचारतात, "आज किती?" जणू क्रिकेटचा स्कोअर! (नॉर्मल म्हणजे दीड ते साडेचार लाख.) भावाचा स्कोअर ४२ हजारांवर आला तेव्हा आई पपईच्या पानांचा रस काढत होती आणि मी पुण्याहून फोनवर रक्तदाते शोधत होतो. डॉक्टर मात्र थंड. "रक्तस्राव नाहीये, प्लेटलेट्स चढवायच्या नाहीत. ताप उतरला की खरी काळजी."

आता हे काय लॉजिक?

तर, प्लेटलेट्स नुसत्या जखम बुजवत नाहीत. डेंग्यूचा विषाणू चिकटला की त्या चेकाळतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतात. आयएल-१ बीटा त्यातलंच एक. रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, त्याला याचाही हातभार. पातळ भाग बाहेर, रक्त दाट, बीपी खाली... आणि हे नेमकं ताप उतरताना, घरचे "सुटलो बुवा" म्हणतात तेव्हा! म्हणून डॉक्टरांचा डोळा हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर. भावाचं ते पाचव्या दिवशी चढलं. सलाईन वाढवलं, निभावलं.

२०२० च्या कोविडमध्ये याच चेकाळलेल्या प्लेटलेट्स फुफ्फुसांत गुठळ्या करायला मदत करत होत्या. तिथे हेपॅरिन द्यायचे. डेंग्यूत मात्र ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन बंद. तापाला फक्त पॅरासिटॅमॉल.