पाहणारी मुलगी

दानाचा विचार करताना आपण देणारा आणि घेणारा अशा दोघांचाच हिशेब मांडतो. ते दान शेजारी बसून पाहणारी तिसरी व्यक्ती आपल्या जमाखर्चात येत नाही. वॉल्टर लँग्ली या इंग्रज चित्रकाराच्या एका चित्रामुळे या तिसऱ्या व्यक्तीचे महत्त्व माझ्या ध्यानी आले.

लँग्लीचा जन्म १८५२ सालचा, बर्मिंगहॅमच्या कष्टकरी वर्गातला. कोवळ्या वयातच तो शिळाछापाच्या कामावर उमेदवार म्हणून लागला. १८८२ मध्ये तो कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील न्यूलिन या मच्छीमारांच्या गावी स्थायिक झाला आणि तेथील माणसे जशी दिसली तशी रंगवू लागला. समुद्रावर गेलेली होडी परत येईलच याची खात्री नसलेले ते गाव. त्याच्या १८९४ च्या एका चित्रात धक्क्यावर एक तरुणी तोंड झाकून बसली आहे आणि एक वृद्धा तिच्या पाठीवर हात ठेवून मुकाट शेजारी बसली आहे. या लोकांचे उपजीविकेचे साधन आपल्या आचारात बसणारे नाही. परंतु अनुकंपा कोणाच्या घरी जन्म घेईल याला मर्यादा नाही.

मी म्हणतो ते चित्र १८९७ साली लंडनच्या रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात होते. एका स्त्रीने दारोदार फिरणाऱ्या भुकेल्या मुलाला घरात बोलावून जेवू घातले आहे. आपले अनवाणी पाय बाकाखाली ओढून घेत तो खातो आहे. आणखी काही हवे का, अशा विचाराने ती त्याच्याकडे पाहते आहे. आणि सुमारे सात वर्षांची एक मुलगी हातावर डोके टेकून त्याच्यावरची नजर न काढता बसली आहे. आकाराने लहान अशा या चित्राची दखल रशियन साहित्यिक टॉलस्टॉय यांनी १८९८ च्या कलाविषयक ग्रंथात घेतली आणि खऱ्या कलेचे उदाहरण म्हणून त्याचा गौरव केला. त्यांचे लक्ष वेधले ते त्या मुलीने. दारिद्र्य म्हणजे काय, मला सारे मिळते आणि याला का नाही, हा प्रश्न तिला आयुष्यात प्रथमच पडला आहे, असे त्यांनी म्हटले.

तत्त्वार्थसूत्रात दानाचे वैशिष्ट्य विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींवर ठरते असे सांगितले आहे. या चित्रातील द्रव्य अगदी थोडे, एका वेळचे अन्न. विधी मात्र मोठा आहे. मुलाला उंबऱ्याबाहेर उभे केलेले नाही, घरात बसवले आहे. त्याने पाय लपवावेत इतका त्याचा संकोच चित्रकाराने पाहिला, आणि त्या स्त्रीनेही पाहिला असावा.

आपल्या व्यापारी घरांत दानाची दुसरी एक उत्तम रीत होती. माझ्या वडिलांच्या अडत दुकानात प्रत्येक बिलावर हमाली, तोलाई यांच्याखाली धर्मादायाची एक ओळ असे. त्या रकमेचे वहीत वेगळे खाते असे आणि वर्षअखेर ती पांजरपोळ, पाणपोई किंवा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाकडे जाई. वडील त्या पैशाला कधी आपला म्हणत नसत. ग्राहकाकडून धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, हे पुढे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. विश्वस्तपणाचा इतका साधा धडा मला वाणिज्याच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाला नाही.

या रीतीत सातत्य होते, अहंकार नव्हता. पण तिला चेहराही नव्हता. आज ते अंतर वाढले आहे. बँकेत असताना मार्चअखेरीस देणगीचे धनादेश मी पुष्कळ पाहिले. आता तर मोबाईलवर क्षणात रक्कम जाते, करसवलतीची पावती येते आणि काम संपते. रक्कम पूर्वीपेक्षा मोठी असते, हे निःसंशय चांगले आहे. संस्था त्यावरच चालतात. पण घरातले सात वर्षांचे मूल या व्यवहारात काय पाहते? आई-वडिलांचा अंगठा पडद्यावर फिरताना पाहते, आणि समारंभाला गेलेच तर फलकावर कोरलेले आजोबांचे नाव वाचते. ज्याला मिळाले तो त्याच्या नजरेस पडतच नाही.

दुकान आणि घर आपण मुलांना वारसा म्हणून देतो. दानाची बुद्धी मात्र मृत्युपत्रात लिहिता येत नाही. ती पाहून येते. म्हणून माझी एक विनंती आहे. मोठ्या देणग्या धनादेशानेच द्याव्यात. परंतु वर्षातून काही वेळा तरी मुलांना सोबत घेऊन वसतिगृहात, रुग्णालयात जावे, तेथील माणसांजवळ बसावे, त्यांची विचारपूस करावी. छायाचित्र काढू नये. परतीच्या वाटेवर मुलाने अवघड प्रश्न विचारला, तर उत्तर देण्याची घाई करू नये. तो प्रश्न पडणे हेच त्या दिवसाचे संचित आहे.